बोलपटाचा कारखाना आणि हिशेबाची वही

आपल्या समाजात हिशेब मागणे हे फार नाजूक कर्म मानले गेले आहे. वाण्याकडे हिशेब मागता येतो, कुळाकडे मागता येतो, नोकराकडे तर तो मागावाच लागतो; परंतु भावाकडे, गुरूकडे, अथवा ज्यास आपण मालक न म्हणता 'अण्णा' किंवा 'दादा' म्हणतो त्याच्याकडे हिशेब मागितला की तो अविश्वास ठरतो आणि मागणारा कृतघ्न ठरतो. हा संकोच घरात शोभतो. तथापि घराचा कारखाना होतो, कारखान्याचा मोठा व्यवसाय होतो, आणि तरीही बोलण्याची भाषा घरचीच राहते, तेव्हा या संकोचाची किंमत कोणास तरी मोजावी लागते. ती बहुधा त्याच माणसास मोजावी लागते, ज्याचे नाव पाटीवर नसते. महाराष्ट्रात या गोष्टीचा सर्वांत बोलका दाखला कोठे सापडत असेल, तर तो आपल्या चित्रपटसंस्थांच्या इतिहासात होय. नवे यंत्र, नवी कला आणि दिवसादिवसाने वाढणारा पैसा ही तिन्ही एकाच छपराखाली आपल्याकडे प्रथम तेथेच नांदली.

कर्जत-खालापूरच्या लोकांस हा विषय परका वाटण्याचे कारण नाही. घाटमाथ्याचे पाणी खाली आणून वीज उत्पन्न करणारी टाटांची वीजघरे खोपोलीस १९१५ साली व भिवपुरीस १९२२ साली सुरू झाली, आणि तिकडे मुंबईच्या गिरण्या चालू लागल्या. यंत्रयुगाचा उजेड एका ठिकाणी पडतो आणि त्याचे ओझे दुसऱ्या ठिकाणी उचलले जाते, हे कडावपासून खोपोलीपर्यंतच्या पट्ट्याने तेव्हापासून पाहिले आहे. पुढे २००५ साली कलादिग्दर्शक नितीन देसाई यांनी याच भागात, कर्जतच्या वाटेवर चौकाजवळ, स्वतःची चित्रनगरी उभारली. 'जोधा अकबर' या २००८ सालच्या चित्रपटाचे राजवाडे तेथे उभे राहिले, आणि सह्याद्रीच्या पायथ्याशी दिल्ली-आग्र्याचे वैभव लोकांनी पाहिले. जुलै २०२३ मध्ये कर्जापायी त्यांच्या कंपनीविरुद्ध दिवाळखोरीची कारवाई सुरू झाली, आणि २ ऑगस्ट २०२३ रोजी त्याच जागी त्यांनी आपली जीवनयात्रा संपविली. त्या व्यवहारात कोणाचे किती चुकले, हे ठरविणे न्यायासनाचे काम आहे. त्यात शिरण्याचा अधिकार आम्ही घेत नाही. परंतु एका कलावंताचे स्वप्न, त्याची कंपनी आणि त्याचा देह ही तिन्ही एकमेकांत इतकी गुंतावी की एकीचे बुडणे तिघांचे बुडणे व्हावे, ही गोष्ट विचार करावयास लावणारी खास आहे. आणि ती नवीन मुळीच नाही. तिचे मूळ शोधण्यासाठी शंभर-सव्वाशे वर्षे मागे जावे लागते.

चित्रपटाच्या आधी आपल्याकडे नाटकाचा धंदा होता आणि त्याच्या संस्थांस लोक 'मंडळी' म्हणत. हा शब्द मोठा अर्थपूर्ण आहे. 'घरची मंडळी', 'लग्नाची मंडळी', 'नाटक मंडळी' हे सारे एकाच सुरात म्हटले जाते. किर्लोस्कर नाटक मंडळीचा जन्म १८८० सालचा. मंडळीत राहणे, जेवणे, शिकणे, आजारी पडणे आणि मरणेही एकत्र होई. पगाराचा आकडा ठरलेला असला तरी माणसाचे खरे वेतन म्हणजे त्याला मिळणारा आश्रय होय, अशी समजूत असे. अशा संस्थेत भांडण झाले म्हणजे ते मिटविण्याचा मार्ग एकच उरे : बाहेर पडून दुसरी मंडळी काढणे. १९१३ साली बालगंधर्व, गणेशराव बोडस व गोविंदराव टेंबे यांनी किर्लोस्कर मंडळी सोडून गंधर्व नाटक मंडळी काढली. आणि पुढे टेंबे व बोडस हेही तीतून बाहेर पडले. मागे राहिलेल्या बालगंधर्वांच्या डोक्यावर कर्जाचा मोठा भार आला, आणि तो त्यांनी वैयक्तिक अब्रूचा प्रश्न समजून फेडला. त्यांच्या त्या वागणुकीबद्दल महाराष्ट्रास अभिमान वाटतो व तो योग्यही आहे. तरी एक गोष्ट लक्षात घेतली पाहिजे. संस्थेचे कर्ज एका माणसाने आपल्या गळ्याने फेडावे, हे त्या माणसाचे भूषण असेल. संस्थेचे ते भूषण नव्हे.

याच काळात धुंडिराज गोविंद फाळके यांनी चित्रपटाचा उद्योग आरंभिला. फाळक्यांच्या चरित्राचा जो भाग शाळेच्या पुस्तकांत येतो तो सर्वांस ठाऊक आहे. आपणांस पाहावयाचा आहे तो त्यामागचा भाग. चित्रपटाकडे वळण्यापूर्वी फाळके छपाईच्या धंद्यात होते. लोणावळ्याच्या परिसरात मळवलीस असलेल्या रविवर्मा छापखान्यासाठी त्यांनी काम केले, आणि नंतर स्वतःचा 'लक्ष्मी आर्ट प्रिंटिंग वर्क्स' हा छापखाना उभारला. १९०९ साली रंगीत छपाईची यंत्रसामग्री आणण्यासाठी ते जर्मनीस जाऊन आले. धंदा नावारूपास आला, आणि भागीदारांशी बेबनाव होऊन ते त्यातून रिकाम्या हातांनी बाहेर पडले. कलेचे मर्म एकाकडे व पैशाची किल्ली दुसऱ्याकडे अशी वाटणी झाली की काय होते, याचा हा त्यांचा पहिला अनुभव. तो शेवटचा ठरला नाही.

'राजा हरिश्चंद्र' ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशन थिएटरात लोकांपुढे आला. तो तयार होत असताना दादरच्या घरीच कारखाना होता. सिनेमात काम करतो असे सांगण्याची नटांना लाज वाटे, म्हणून 'हरिश्चंद्राच्या फॅक्टरीत काम करतो' असे सांगा, अशी फाळक्यांची सूचना होती. थट्टेत सांगितल्या जाणाऱ्या या गोष्टीत सत्य भरपूर आहे. ती खरोखरच फॅक्टरी होती. तारामतीचे काम करण्यास स्त्री मिळेना, तेव्हा उपाहारगृहातील अण्णा साळुंके या आचाऱ्यास दहा रुपयांच्या जागी पंधरा रुपये देऊ करून आणले गेले. भारतीय चित्रपटातील वेतनवाढीची ही पहिली नोंद म्हणावयास हरकत नाही. चार वर्षांनी 'लंकादहन' चित्रपटात याच साळुंक्यांनी राम व सीता या दोन्ही भूमिका केल्या.

पंधरा रुपयांची नोंद राहिली. दुसऱ्या एका श्रमाची नोंद मात्र कोणत्याच वहीत नाही. फाळक्यांच्या पत्नी सरस्वतीबाई दिवसा साठ-सत्तर माणसांचा स्वयंपाक करीत, चित्रण चालू असता उन्हाचा प्रकाश वळविण्यासाठी पांढऱ्या चादरी धरून उभ्या राहत, रात्री मेणबत्तीच्या उजेडात कोऱ्या फिल्मला भोके पाडीत आणि फिल्म धुण्याचे रसायनही हाताळीत. त्यांचे दागिने तर भांडवलात गेलेच. आजच्या भाषेत बोलावयाचे तर भांडवलदार, तंत्रज्ञ, साहाय्यक व भोजनगृहाच्या व्यवस्थापक अशा चार जागा त्या एकट्या सांभाळीत होत्या. आपण या गोष्टीचे वर्णन 'पतीस दिलेली साथ' या दोन शब्दांत करतो आणि पुढे जातो. ती साथ होतीच. पण ते कामही होते. जे काम साथ म्हणून होते, त्याची किंमत विचारण्याची पद्धत नसते. आपल्या चित्रव्यवसायाची पहिली वही लिहिली गेली तेव्हाच तिच्यातील एक पान असे कोरे राहिले.

'लंकादहन' चित्रपटाने १९१७ साली अलोट पैसा मिळविला आणि भांडवलदारांचे लक्ष या धंद्याकडे वळले. १९१८ साली वामन श्रीधर आपटे, मायाशंकर भट्ट आदी भागीदारांसह हिंदुस्थान सिनेमा फिल्म्स कंपनी नाशिक येथे स्थापन झाली. फाळके हे तिचे काम पाहणारे भागीदार. येथे जुनाच प्रसंग नव्या नावांनी घडला. चित्रपटास किती दिवस लागतील, किती खर्च येईल, हे आधी ठरावे अशी पैसे घालणारांची अपेक्षा. आणि कलावंताच्या मनातील चित्र पुरे होईपर्यंत खर्चास सीमा कशी घालावी, ही फाळक्यांची अडचण. दोन्ही बाजू आपापल्या जागी खऱ्या होत्या. परंतु तंटा सोडविण्याचे साधन कोणाजवळही नव्हते. 'कालिया मर्दन' चित्रपटानंतर फाळके कंपनी सोडून काशीस गेले आणि 'रंगभूमी' नावाचे नाटक लिहीत बसले. काही काळाने ते परत आले, पण पूर्वीचा जोम गेला तो गेलाच. १६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशिक येथे ते निवर्तले तेव्हा त्यांच्या उद्योगाची किल्ली केव्हाच इतरांच्या हाती गेली होती.

सरकारचे लक्ष तरी कोठे होते? १९२७-२८ साली रंगाचारियर यांच्या अध्यक्षतेखाली चित्रपटविषयक चौकशी समिती नेमली गेली. फाळक्यांची साक्षही तिच्यापुढे झाली. समितीपुढील मुख्य विषय चित्रपटांची तपासणी आणि साम्राज्यात तयार होणाऱ्या चित्रांस उत्तेजन, हे होते. पडद्यावर काय दिसते याची सरकारला काळजी होती. पडद्यामागे कोण किती तास राबतो, हा त्या काळी राज्यकर्त्यांच्या चिंतेचा विषय नव्हता.

आता कोल्हापूरकडे वळू. बाबूराव पेंटर यांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीत एक पिढी तयार झाली. तेथे शिकणारास झाडलोट, रंगकाम, अभिनय, फिल्म धुणे हे सारे करावे लागे. विद्या भरपूर मिळे, पैसा बेताचा मिळे. या कंपनीने १९२५ साली 'सावकारी पाश' हा चित्रपट काढला. सावकाराच्या कागदापायी जमीन गमावून शहराची वाट धरणाऱ्या शेतकऱ्याची ती कथा आणि शेतकऱ्याच्या भूमिकेत होते शांताराम वणकुद्रे. कागदावर काय लिहिले आहे हे न कळणाऱ्या माणसाची दशा त्यांनी पडद्यावर अशी रंगविली. चार वर्षांनी, १ जून १९२९ रोजी, शांताराम, विष्णुपंत दामले, शेख फत्तेलाल व केशवराव धायबर या चौघांनी गुरूचे छत्र सोडले आणि सीतारामपंत कुलकर्णी यांच्या आर्थिक पाठबळावर प्रभात फिल्म कंपनी स्थापन केली. बाहेर पडून दुसरी मंडळी काढण्याची रीत येथेही चालू राहिली.

मात्र प्रभातकारांनी एक गोष्ट निराळी केली, व तिचे श्रेय त्यांस दिलेच पाहिजे. पाच जण बरोबरीचे मालक. प्रत्येकाचे खाते वेगळे. एकाकडे दिग्दर्शन, एकाकडे ध्वनी व प्रयोगशाळा, एकाकडे कलाविभाग, एकाकडे छायाचित्रण, एकाकडे तिजोरी. एका माणसाच्या लहरीवर चालणाऱ्या संस्थेपेक्षा ही रचना पुष्कळच सुधारलेली होती. तिची फळेही लवकर दिसली. १९३२ साली 'अयोध्येचा राजा' हा बोलपट निघाला. १९३३ साली कंपनी पुण्यास आली आणि एरंडवण्याच्या माळावर भव्य चित्रगृह उभे राहिले. १९३६ सालच्या 'संत तुकाराम' चित्रपटाने मुंबईत वर्षाहून अधिक काळ मुक्काम ठोकला आणि १९३७ साली व्हेनिसच्या महोत्सवात जगातील उत्तम चित्रांत स्थान मिळविले. जी माणसे आठ वर्षांपूर्वी दुसऱ्याच्या कंपनीत रंगाचे डबे उचलीत होती, त्यांची तुतारी आता सातासमुद्रांपलीकडे ऐकू गेली. इतक्या वेगाने वाढलेली संस्था महाराष्ट्राने क्वचितच पाहिली असेल.

परंतु वाढ हे मोठे गोड आवरण आहे. वैभव वाढत असते तोवर नियमांची कसोटी लागत नाही. प्रभातच्या मालकांनी स्वतःस एक दंडक घालून घेतला होता, की कंपनीतील नटीशी कोणाही मालकाने प्रेमसंबंध जोडू नये. ज्या धंद्याविषयी समाजात नाना प्रवाद होते, त्या धंद्यात सुशिक्षित घरांतील स्त्रियांनी निर्धास्तपणे यावे, हा त्यामागील हेतू उघडच दिसतो, आणि तो आदरणीय आहे. मालकाच्या हाती वेतन असते, भूमिका असते, कीर्ती असते. अशा ठिकाणी संमतीचा तोल सरळ राहणे कठीण, हे त्यांनी ओळखले होते. पुढे धायबरांनी नलिनी तर्खड यांच्याशी विवाह केला आणि ते कंपनीबाहेर पडले. नियम पाळला गेला असे सर्वांस वाटले. पण नियमाचा न्यायाधीश कोण? मालकच. साक्षीदार कोण? मालकच. १९४१ साली शांताराम व जयश्री यांचा विवाह झाला तेव्हा तोच दंडक दुसऱ्यांदा मोडला, आणि या वेळी तो कंपनीच्या सर्वांत मोठ्या दिग्दर्शकाकडून मोडला. १९४२ साली शांताराम प्रभात सोडून गेले व परळ येथे त्यांनी राजकमल कलामंदिर काढले. त्यांच्या जाण्यास इतरही कारणे होती, व ती सारी एका विवाहावर लादणे अन्यायाचे होईल. मुद्दा एवढाच, की बड्यांनी स्वतःपुरता केलेला आणि स्वतःच सांभाळलेला नियम बड्यांतच फूट पाडू शकतो. लहानांस तो क्वचितच आधार देतो.

लहानांचे काय होत होते, हे पाहण्यासाठी तीन वर्षे मागे, १९३९ सालच्या जुलै महिन्याकडे जावे लागेल. 'अमृतमंथन' चित्रपटापासून प्रभातबरोबर असलेल्या शांता आपटे या तेव्हा हिंदुस्थानभर प्रसिद्ध होत्या. १९३७ सालच्या 'कुंकू' बोलपटात त्यांनी नीरेची भूमिका केली होती. नारायण हरि आपटे यांच्या 'न पटणारी गोष्ट' या कादंबरीवर आधारलेल्या त्या कथेत म्हाताऱ्या वराशी फसवून लग्न लावून दिलेली मुलगी त्या लग्नास मान देण्याचे साफ नाकारते. ती पळून जात नाही, जीव देत नाही, घरातच राहून नकार देते. तो नकार पाहून महाराष्ट्र हेलावला आणि प्रभातच्या पुरोगामीपणाचा सर्वत्र गौरव झाला. त्यानंतर दोनच वर्षांनी हीच अभिनेत्री त्याच प्रभातच्या फाटकाशी उपोषणास बसली. वाद होता वेतनाचा व कराराच्या अर्थाचा. वृत्तपत्रांतून एकच गलबला उडाला. कोणी तिला धैर्याची मूर्ती म्हटले, कोणी तिच्यावर प्रसिद्धीच्या हव्यासाचा आरोप केला. अखेर उपोषण सुटले आणि शांता आपटे यांचे प्रभातशी असलेले नाते संपले.

या प्रसंगात न्याय कोणाच्या बाजूस होता याचा निकाल आज देता येणार नाही, आणि तो देण्याची आवश्यकताही नाही. करार पाळला जावा, हा कंपनीचा आग्रह धंद्याच्या दृष्टीने रास्तच म्हणावा लागेल. शेकडो माणसांचे काम एका नटीच्या येण्यावर अडून राहते. आम्हांस महत्त्वाची वाटते ती निराळीच गोष्ट. इतक्या मोठ्या कीर्तीच्या स्त्रीस आपले गाऱ्हाणे मांडण्यासाठी फाटकाबाहेरचीच जागा का मिळावी? आत तशी जागा नव्हती काय? कायदा पाहिला तर १९३६ सालचा वेतन देण्यासंबंधीचा कायदा त्या वेळी अस्तित्वात होता. पण दरमहा २०० रुपयांहून अधिक वेतन असणारास तो लागूच नव्हता. गिरणी-कामगाराप्रमाणे संघ नाही. आणि मालकाकडे जावे तर मालकच प्रतिवादी. अशा वेळी माणूस आपले शेवटचे साधन काढतो, आणि ते म्हणजे स्वतःचा देह. उपोषणाचे हत्यार त्या काळी राजकारणात सर्वांच्या परिचयाचे होते. एका नटीने ते नोकरीच्या तक्रारीसाठी उचलले, याचे तत्कालीन समाजास हसू आले असेल. पण आज मागे वळून पाहता त्यात हसण्यासारखे काही दिसत नाही.

शांता आपटे तेवढ्यावर थांबल्या नाहीत. १९४० साली त्यांनी 'जाऊ मी सिनेमांत?' हे पुस्तक प्रसिद्ध केले. नावावरून ते तरुण मुलींना केलेल्या उपदेशाचे वाटते. प्रत्यक्षात चित्रपटाच्या धंद्यात भांडवल कोठून येते, नफा कोणाकडे जातो आणि काम करणाराचे शरीर त्यात कसे झिजते, याचा विचार त्यात आहे. नटी म्हणजे पडद्यावरील चांदणी, ही कल्पना बाजूस सारून नटी म्हणजे राबणारी बाई, ही दृष्टी त्यांनी मांडली. आपल्या चित्रपटविषयक वाङ्मयात दिग्दर्शकांची आत्मचरित्रे पुष्कळ आहेत व ती वाचलीही जातात. कामगाराच्या जागेवरून लिहिलेले हे पुस्तक मात्र फार काळ विस्मृतीत राहिले. सरस्वतीबाईंचे कोरे पान आणि शांताबाईंचे न वाचलेले पान, ही दोन्ही एकाच वहीतील होत.

येथे कोणी म्हणेल, की हा सारा दोष भागीदारीच्या जुन्या पद्धतीचा. रीतसर मर्यादित कंपनी असती तर असे घडते ना. या आक्षेपास उत्तर देण्यास मुंबईची बॉम्बे टॉकीज पुरेशी आहे. १९३४ साली हिमांशु रॉय यांनी ती काढली. भाग विकून भांडवल उभारलेले, प्रतिष्ठित संचालक नेमलेले, हिशेब तपासलेले, कलावंत मासिक वेतनावर. कागदाच्या दृष्टीने याहून व्यवस्थित संस्था त्या काळी सापडणे कठीण. परंतु १९४० साली हिमांशु रॉय वारले आणि तीन वर्षांच्या आत संस्थेत दोन तट पडून एक तट फिल्मिस्तान स्थापण्यासाठी बाहेर गेला. जमाखर्च भागधारकांपुढे मांडला जात होता हे खरे. पण हा हिशेब पैशाचा पैशास दिलेला हिशेब होता. माणसांचा हिशेब, म्हणजे कोणास काम का मिळाले, कोणाचे का गेले, कोणाच्या शब्दावर कोण चढले वा पडले, हा तेथेही एका व्यक्तीच्या मनात होता. ती व्यक्ती गेली आणि वहीही गेली.

प्रभातचा शेवटही असाच झाला. शांताराम गेल्यावर संस्था काही वर्षे चालली. १९४५ साली दामले निवर्तले. आणि १९५० नंतर थोड्याच वर्षांत ते वैभव मावळले. १९६० साली त्याच आवारात सरकारने चित्रपटाचे शिक्षण देणारी संस्था काढली. २०१५ साली तेथील विद्यार्थ्यांनी संस्थेच्या अध्यक्षांची निवड कोणत्या निकषावर झाली असे विचारीत जून ते ऑक्टोबर असा १३९ दिवसांचा संप केला. त्यांच्या मागणीविषयी मतभेद असतील. परंतु ज्या आवाराच्या फाटकाशी १९३९ साली एका स्त्रीने जाब विचारला, तेथेच शहात्तर वर्षांनी पुन्हा जाब विचारला जावा, ही गोष्ट इतिहासाच्या वाचकास दुर्लक्षिता येणार नाही.

या मधल्या काळात काहीच सुधारले नाही असे मात्र नव्हे. १९८१ साली चित्रपट-कामगारांसाठी कायदा झाला, आणि लेखी करारावाचून त्यांस कामास लावता येणार नाही, असे ठरले. कामाच्या जागी स्त्रियांच्या होणाऱ्या छळासंबंधी सर्वोच्च न्यायालयाने १९९७ साली विशाखा खटल्यात मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली व २०१३ साली त्यांस कायद्याचे रूप आले. त्यानुसार संस्थेत तक्रार-समिती असावी लागते आणि तीत एक सभासद बाहेरचा असावा लागतो. हे 'बाहेरचा' पद फार मोलाचे आहे. प्रभातच्या पाच मालकांच्या दंडकात नेमके तेवढेच उणे होते. केरळात चित्रपटसृष्टीतील स्त्रियांच्या स्थितीची चौकशी करण्यासाठी २०१७ साली न्यायमूर्ती हेमा यांची समिती नेमली गेली. तिचा अहवाल २०१९ साली सरकारकडे गेला आणि २०२४ साली, तोही काही भाग वगळून, लोकांस वाचावयास मिळाला. चौकशी होणे व तिचा निष्कर्ष उजेडात येणे या दोहोंत किती वर्षे जातात, हे त्यावरून दिसते. कायदा झाला म्हणजे फाटक उघडले असे नाही. फाटकास कडी आहे एवढे मात्र कळले.

आज चित्र दाखविण्याचे यंत्र प्रत्येकाच्या खिशात आले आहे, आणि बातम्या, करमणूक व जाहिरात यांच्या नव्या कंपन्या प्रभातपेक्षाही वेगाने वाढत आहेत. कर्जत-कडावच्या बाजूची मुले-मुली रोज पहाटेची गाडी पकडून मुंबईच्या कचेऱ्यांत जातात, त्यांत अशा कंपन्यांतून काम करणारी पुष्कळ आहेत. तेथे मालकास नावाने हाक मारतात, कचेरीस 'कुटुंब' म्हणतात, रात्री उशिरापर्यंत थांबणे हे निष्ठेचे लक्षण समजतात. भाषा नवी असली तरी वळण आपल्या ओळखीचे आहे. 'मंडळी' हा शब्दच वेष पालटून परत आला आहे. म्हणून त्या तरुणांच्या आईबापांनी मुलाला पगार किती हे विचारताना आणखी तीन प्रश्न विचारावेत, असे आम्हांस सुचवावेसे वाटते. तुझे ठरलेले काम कोणते, हे कोठे लिहून ठेवले आहे काय? तुझी तक्रार साहेबाविरुद्धच असेल, तर ती ऐकणारा साहेबाहून वेगळा कोणी आहे काय? आणि संस्थेचा कर्ता उद्या नसला, तर तुझ्या कामाचा हिशेब कोणत्या वहीत सापडेल? फाळक्यांच्या घरी पहिल्या प्रश्नाचे उत्तर नव्हते, प्रभातमध्ये दुसऱ्याचे नव्हते, बॉम्बे टॉकीजमध्ये तिसऱ्याचे नव्हते.

हे तीन प्रश्न विचारणे म्हणजे संस्थेवर अविश्वास दाखविणे नव्हे. ज्या घरात भाऊ-भाऊ वाटणीचा कागद शांतपणे लिहितात, त्या घरात पुढे सणावारी एका पंगतीस बसणे शक्य होते, हा आपल्याच खेड्यापाड्यांतील अनुभव आहे. प्रभातची चित्रे आजही पाहिली जातात, तुकारामाच्या इंद्रायणीने आजही डोळे भरून येतात, व ते येत राहोत. त्या चित्रांपुढे हात जोडताना ती धुणारे, जोडणारे, रंगविणारे आणि फाटकाशी उपाशी बसलेले हातही आठवावेत, एवढेच मागणे आहे. त्यांचे देणे फेडण्याची वेळ टळून गेली. आजच्यांचे देणे मात्र अजून चुकते करता येण्यासारखे आहे.